एसडीआरचं वाटप असं का होतं? थोडी पार्श्वभूमी

गरीब देशांवरचं कर्ज, जागतिक पैशाची व्यवस्था बदला, ही चर्चा परत जोरात चालायलीय आणि त्यात एसडीआरचं नाव सारखं येतंय. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी (आयएमएफ) आपल्या सदस्य देशांना वाटते तो राखीव पैसा, अडचणीत तो देऊन दुसऱ्या देशाकडून डॉलरसारखं चलन घेता येतं. पण ते वाटताना कोणाला किती हे कशावरून ठरतं ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहायलोय.

1944 ला अमेरिकेत ब्रेटन वूड्सला 44 देश बसले आणि नाणेनिधी काढायचं ठरलं, तेव्हा आपला मराठवाडा निजामाकडं होता. तिकडं भारताकडून गेलेली मंडळी इंग्रजांकडं अडकलेले पैसे मागत होती. युद्धात आपण उधारीवर माल पुरवला, त्याचंच येणं युद्ध संपेपर्यंत एक अब्ज पौंडाच्या वर गेलं. इंग्रज म्हणाले हा आपला दोघांचा मामला, इथं काढू नका, आणि विषय बाजूला पडला.

त्याच बैठकीत कोटा, म्हणजे नाणेनिधीत कुठल्या देशाचा किती वाटा, ते ठरलं, आणि मतंही त्यावरूनच ठरतात. त्याचा फॉर्म्युला करणाऱ्या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं नंतर स्वतःच लिहून ठेवलंय की कुणाला साधारण किती पाहिजे हे वरून आधीच सांगितलेलं होतं, गणित मागून बसवलं. अमेरिकेला 275 कोटी डॉलर, इंग्लंडला 130, भारताला 40. पुढं रशिया आतच आला नाही म्हणून भारत पहिल्या पाचात गेला, हे आपल्याकडं फार कुणाला माहीत नसतं.

एसडीआर आले 1969 ला. तेव्हाच विकसनशील देश म्हणत होते की नवीन राखीव पैसा तयारच करायलात तर त्यातला काही भाग थेट विकासाकडं वळवा. श्रीमंत देशांनी ते मानलं नाही, वाटप कोट्याप्रमाणेच करायचं ठरलं. 1974 ला न्यूयॉर्कात संयुक्त राष्ट्रांत नव्या आर्थिक व्यवस्थेचा ठराव झाला, टाळ्या झाल्या, कोटा जिथल्या तिथं. मग 1982 ला मेक्सिकोनं कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले, 1991 ला आपलं सोनं गहाण पडून लंडनला गेलं, ते सगळ्यांना पाठ आहे, परत सांगत नाही.

खरा वाद 2021 चा. कोरोनात सगळे आडवे झाले आणि ऑगस्टमध्ये 650 अब्ज डॉलरचे एसडीआर वाटायचं ठरलं, इतिहासातलं सगळ्यात मोठं वाटप. अमेरिकेला साधारण 113 अब्ज. अख्ख्या आफ्रिकेला मिळून 33 च्या आसपास. सगळ्यात गरीब देशांना 21. भारताला जवळपास 18. म्हणजे ज्याला गरज नाही त्याच्याकडं ढीग. आता आपल्याकडं दुष्काळाचं किंवा अतिवृष्टीचं अनुदान हेक्टरी येतं, ज्याचा सातबारा मोठा त्याला जास्त, बटईनं करणारा नुसता बघत बसतो, त्यावर आपण किती बोंबलतो. पण तिथं निदान दोन-तीन हेक्टरची मर्यादा तरी असते हो, वॉशिंग्टनच्या हिशोबात तीही नाही.

बचाव करणारे म्हणतात एसडीआर म्हणजे मदत नाही, तो राखीव साठा आहे, म्हणून कोट्यानंच वाटणार. तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण मग संकटातल्या देशांना मोठा आधार दिला असं सांगत फिरायचं कशाला? शिवाय वापरला की व्याज लागतं. 2021 ला ते नावाला होतं, 0.05 टक्के, म्हणून गरीब देशांनी औषधाला-धान्याला वापरून टाकलं, आणि 2023 मध्ये तेच 4 टक्क्यांच्या आसपास गेलं कारण अमेरिका-युरोपनं आपली महागाई दाबायला दर वाढवले. न वापरता नुसता ठेवला त्याला काहीच तोशीस नाही. श्रीमंत देशांनी त्यांच्या वाट्यातले 100 अब्ज पुढं द्यायचा शब्द दिला, पण द्यायचे ते बहुतेक कर्ज म्हणून.

बदल का होत नाही? नाणेनिधीत मोठ्या निर्णयाला 85 टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडं साडेसोळा टक्के आहेत, म्हणजे ती नाही म्हणली की 85 भरतच नाहीत. 2010 ला ठरलेली कोट्याची सुधारणा अमेरिकेच्या संसदेत अडकून 2016 ला लागू झाली, त्यात भारताचा वाटा 2.75 टक्के होऊन आपण पहिल्या दहात आलो. आणि इथं एक गोष्ट बोलावी लागेल, आपण व्यासपीठावर गरीब देशांच्या बाजूनं बोलतो पण कोटा फिरवायचा म्हणलं की आपल्यालाही पहिल्यांदा आपलाच वाटा वाढलेला पाहिजे असतो. आफ्रिकेतल्या देशांना ते दिसत नसेल असं नाही.

डिसेंबर 2023 ला कोटा 50 टक्क्यांनी वाढवायला मंजुरी मिळाली. पण सगळ्यांचा सारख्याच प्रमाणात, म्हणजे वाटे होते तेवढेच. 2025 ला स्पेनमधल्या सेव्हिलला विकासाच्या पैशावर मोठी परिषद झाली, त्यातून अमेरिका आधीच बाहेर पडली होती, आणि 85 टक्क्यांचा नियम तर तिच्या हो शिवाय बदलतच नाही.