घर दाखवणारा दलाल वेगळा, धंद्याची जागा शोधणारा वेगळा

बडोद्यात कोणी नवीन धंदा काढायला निघालं की हमखास विचारतं, आम्हाला फ्लॅट मिळवून दिला तो दलाल चांगला होता, त्यालाच दुकानाचं सांगू का? नका सांगू. माणूस वाईट आहे असं नाही, पण त्याचं काम वेगळं आहे, आणि हा घोळ इतक्या वेळा बघितलाय की आता नीट लिहूनच टाकतो.

घराच्या दलालाबद्दल तुम्हाला काय नवीन सांगणार. स्कूटरवर मागे बसवून चार फ्लॅट दाखवतो, पाणी किती वाजता येतं ते सांगतो, अकरा महिन्यांचा करार नोटरी करून देतो, दलाली घेतो, संपलं. घर डोळ्यांनी बघून कळतं, त्यामुळे एवढं पुरतं.

किरकोळ फरक पटकन सांगतो. कमर्शियलमधे भाव स्क्वेअर फुटाचा आणि तोही बहुतेक सुपर बिल्टअपवर, म्हणजे भिंती, जिना, लॉबी सगळं धरून, म्हणून टेप घेऊन जा आणि कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, स्वतः मोजा. मालक जीएसटीत असेल तर भाड्यावर १८ टक्के लागतो, आणि मालक नसून तुम्ही असाल तर ऑक्टोबर २०२४ पासून तो साधारणपणे तुम्हालाच भरावा लागतो, सीएला विचारून घ्या. झालं.

आता मुख्य गोष्ट. जागा रिकामी असणं आणि तुमचा धंदा तिथे चालवता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घरवाला पहिली बघतो. कमर्शियलवाल्याने दुसरी बघायची असते, त्याला दलाली त्याचीच. म्हणून चांगल्या कमर्शियल दलालाचा पहिला प्रश्न बजेटचा नसतो, तो विचारतो धंदा कसला? क्लास, दवाखाना, केकचं किचन, गोडाऊन, प्रत्येकाची गरज वेगळी आणि कागदही वेगळे.

त्यातला सगळ्यात मोठा कागद म्हणजे बीयू, बिल्डिंग युज परमिशन. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधलीय आणि अमुक वापरासाठी वापरता येईल, असं कॉर्पोरेशन त्यात लिहून देतं. नकाशात पार्किंग असलेलं तळघर टाइल्स लावून, एसी बसवून कितीही चकाचक केलं तरी कॉर्पोरेशनच्या लेखी ते पार्किंगच. मग वेराबिल म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघायचं, लाइटबिल बघायचं, दोन्हीकडे वापर कमर्शियल दाखवलाय का, मीटर घरगुती निघालं तर एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडे बदलून घ्यायला मालक सही देणार का, ओव्हन लावायचा असेल तर थ्री फेज लोड मिळेल का, वर लोक राहत असतील तर सोसायटी कटकट करेल का. हे सगळं टोकन द्यायच्या आधी.

ओळखीतल्या एका जोडप्याला ट्यूशन क्लास काढायचा होता, त्यांना घरवाल्याच दलालाने कारेलीबागेत दुसऱ्या मजल्यावरचा हॉल दाखवला, मी सोबत होतो. हॉल छान होता. पण जिना एकच, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला थांबावं लागेल इतका अरुंद, जिन्याखाली सगळ्या दुकानांची मीटरं, आणि त्या मीटरांना टेकवून खालच्या कपडेवाल्याचे रिकामे खोके रचलेले. दलाल आम्हाला खिडकीतून रस्ता किती छान दिसतो ते सांगत होता. बीयूची झेरॉक्स मागितली तर म्हणाला, इथे सगळ्यांचं असंच चालतं. नंतर सयाजीगंजकडच्या कमर्शियलवाल्याला फोन केला तर त्याने आधी विचारलं, एका वेळी मुलं किती बसणार आणि दुसरा जिना असलेलंच बघू ना? हा फरक.

सगळ्यांचं असंच चालतं, हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. २४ मे २०१९ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमधे वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ मुलं आगीत गेली. २५ मे २०२४ला राजकोटचा टीआरपी गेम झोन जळाला. त्यानंतर गुजरातभर बीयू आणि फायर एनओसी नसलेल्या जागांना सील लागले. सील लागलं की तुमचं फर्निचर आत, तुम्ही बाहेर, आणि मालक वर भाडं मागणार. लाख दोन लाखाचं तर जाऊ द्या, पोराबाळांच्या जिवाशी खेळ आहे हा.

अजून एक, व्हिजिटिंग कार्डवर रेरा रजिस्टर्ड वाचून लोक निर्धास्त होतात. रेरा म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारा २०१६चा कायदा, आणि त्यात एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे. भाड्याच्या जागेत त्या नंबराने तुमचं काही राखलं जात नाही, त्याने कागद तपासलेत का एवढंच विचारा. आणि दलाली दोन्हीकडून घेतो का हेही तोंडावर विचारा, घेत असेल तर भाड्याची घासाघीस स्वतः करा, त्याच्यावर सोडू नका.

करारही अकरा महिन्यांचा नको, माझं हे ठाम मत आहे. फर्निचरवर पैसे घालणार असाल तर तीन किंवा पाच वर्षांचा करा आणि रजिस्टर करा. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागतो, नाहीतर कोर्टात तो महिन्या-महिन्याचा धरला जाऊ शकतो आणि मालक पंधरा दिवसांच्या नोटिशीवर बाहेर काढायला बसतो.

टोकनच्या पावतीवर एक ओळ नक्की लिहून घ्या, बीयू आणि वेराबिलाची नक्कल पंधरा दिवसांत न मिळाल्यास टोकन पूर्ण परत. अर्धी दलाली ही नक्कल हातात आल्यावर, उरलेली अर्धी करार रजिस्टर झाल्यावर. याला जो दलाल कुरकुर करेल त्याच्याकडून जागा घेऊ नका.