मासे नदीत चढले की फुलणारं झाड

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वसंत लागला की शॅड नावाचे मासे अंडी घालायला समुद्रातून नद्यांमध्ये चढतात. त्याच सुमारास काठच्या रानात, बाकीची झाडं अजून उघडीबोडकी असताना, एक बारीक खोडाचं झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. म्हणून त्याचं नाव पडलं 'शॅडबुश'. काही भागांत फळं जूनमध्ये पिकतात, म्हणून 'जूनबेरी'. शास्त्रीय नाव अमेलँकियर. गुलाबाच्या कुळातली ही प्रजाती, म्हणजे जवळच्या अनेक जातींचा गट.

'सर्व्हिसबेरी' हेही तिचंच नाव. गोठलेली जमीन मऊ झाली की हिवाळ्यात गेलेल्यांचं दफन करून प्रार्थना व्हायची आणि तेव्हाच हे झाड फुलायचं, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. गोष्ट मनाला भिडते, पण शब्द त्याहून जुना आहे. युरोपात याच कुळातल्या एका झाडाला आधीपासून 'सर्व्हिस' म्हणत. तो शब्द लॅटिनमधल्या 'सॉर्बस'वरून आला.

फूल जवळून पाहिलं तर गुलाबाची आठवण होत नाही. पाच अरुंद पाकळ्या, एकमेकींपासून सुट्या, फितीच्या तुकड्यांसारख्या. फळाला मात्र कूळ लपवता येत नाही. म्हणायला बेरी, पण रचना सफरचंदाची! वाटाण्याएवढ्या जांभळ्या फळाच्या टोकाला सुकलेल्या निदलांचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या दलांचा, छोटा मुकुट असतो. आडवं कापलं तर साधारणतः पाच कप्पे दिसतात आणि प्रत्येकाच्या मध्ये एक जादा पडदा, म्हणजे बियांसाठी दहा खोल्या.

गर गोड असतो, बिया चावल्या की बदामाची चव येते. प्रेअरीतले, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतले मूलनिवासी ही फळं वाळवून रानगव्याचं सुकं मांस आणि चरबीत कुटत. हे पेमिकन महिनोन् महिने टिकायचं. कॅनडातल्या सॅस्काटून शहराचं नावही क्री या मूलनिवासींच्या भाषेतल्या या फळाच्या नावावरून आलं आहे.

लोकांनी नावं अशी सहज दिली, पण वनस्पतिशास्त्रज्ञांना या प्रजातीने फार छळलं आहे. जाती साधारण वीस मानतात, आकडा मात्र अभ्यासकागणिक बदलतो. कारण या झाडांचा आपसांत सर्रास संकर होतो, आणि कित्येक झाडं अंडपेशीचं फलन न होताच बी धरतात. त्या बीतून आईची हुबेहूब प्रत उगवते. त्यामुळे एखादा योगायोगाने झालेला संकर पिढ्यान् पिढ्या तसाच टिकतो आणि स्वतंत्र जातीसारखा दिसू लागतो. मग वेगळी जात म्हणायची कुणाला?

बागांमध्ये हा गोंधळ दिसतोच. वसंतात फुलं, मग पक्ष्यांना फळं, शरदात केशरी-लाल पानं, यामुळे हे झाड हौसेने लावतात. अमेलँकियर ग्रँडिफ्लोरा हा त्यातला लोकप्रिय संकर, आर्बोरिया आणि लीव्हिस या दोन जातींचा. युरोपात आवडीने लावली जाणारी अमेलँकियर लामार्की ही जात तर नेदरलँड्स, बेल्जियमच्या रानात आपोआप वाढते आहे. तिचे पूर्वज अमेरिकेतलेच, पण अगदी तिच्यासारखं झाड तिथल्या जंगलात कुणी नक्की दाखवू शकलेलं नाही.