गाडी अडवली, लायसन्स घेतलं, पुढे काय? पावतीवरचं कलम, चालणारी कागदपत्रं आणि सोडवण्याची पद्धत

लायसन्स जप्त झालं किंवा गाडी चौकीत लागली की लोक वाहतूक शाखा, आरटीओ आणि कोर्ट या तिन्ही ठिकाणी चकरा मारतात आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततात. कागदपत्रं पूर्ण असतात, पण ठिकाण चुकलेलं असतं. कुठे जायचं हे पोलिसांनी हातात दिलेल्या कागदावरच्या कलमावरून ठरतं. म्हणून रस्त्यावर वाद घालण्यात वेळ घालवण्यापेक्षा पावती मागा आणि तिच्यावरचं कलम तिथेच उभं राहून वाचा.

आधी साधं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवावंच लागतं. आरटीओच्या वायुवेग पथकालाही, म्हणजे रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या फिरत्या पथकालाही, कागदपत्रं तपासायचा अधिकार आहे. चौकात मदतीला उभ्या असलेल्या ट्रॅफिक वॉर्डनला तो नाही. त्याने थांबवलं तर थांबा, पण कागदपत्रं पोलिसाच्या हाती द्या. गाडीची किल्ली काढून घ्यायचा अधिकार देणारं कलम या कायद्यात नाही. कुणी काढलीच तर हिसकाहिसकी करू नका, नेमप्लेटवरचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. झटापट झाली की प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ वर, म्हणजे सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला केल्याच्या कलमावर जातं, ज्याला लोक जुन्या दंड संहितेतल्या आकड्याने अजून ‘३५३’ म्हणतात. तो अजामीनपात्र गुन्हा आहे. पाचशे रुपयांच्या चलानापायी तरुण मुलं त्यात अडकतात, हे फार वाईट आहे.

मोबाइलवरचे कागद

लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी हे चारही कागद मोबाइलवर दाखवता येतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे आणि १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या दुरुस्तीनुसार ऑनलाइन पडताळणी झालेला कागद पुन्हा मूळ प्रतीत मागायचा नाही. तरीही ‘ओरिजिनल दाखवा’ म्हणणारे भेटतात. त्यांना शांतपणे नियम १३९ सांगा.

पण इथे चूक अनेकदा चालकाचीही असते. गॅलरीतला लायसन्सचा फोटो म्हणजे डिजिटल लायसन्स नव्हे. डिजिलॉकरमध्ये तुम्ही स्वतः स्कॅन करून अपलोड केलेली पीडीएफही नव्हे. सरकारी डेटाबेसमधून डिजिलॉकरच्या ‘इश्यूड’ विभागात आलेला किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमध्ये तयार झालेला कागदच चालतो.

आता तो कागद येतच नाही, ही खरी अडचण. कारणं बहुधा दोन. पहिलं, आधारवरचं आणि लायसन्सवरचं नाव जुळत नाही: एकीकडे वडिलांचं नाव आहे, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. दुसरं, लायसन्स जुनं आहे आणि नंबर चुकीच्या पद्धतीने टाकला जातो. नंबरमध्ये आधी राज्य आणि आरटीओचा कोड, मग चार आकडी वर्ष आणि शेवटी सात आकडे हवेत. जुन्या पुस्तिकेवरचा नंबर फक्त १२३४ असा असेल तर तो ०००१२३४ असा लिहा. एवढं करूनही नोंद सापडली नाही, तर ते लायसन्स संगणकावर चढलेलंच नाही. ज्या आरटीओने ते दिलं तिथे मूळ लायसन्स घेऊन जा आणि बॅकलॉग एन्ट्री करून घ्या. हे काम गाडी अडवल्यावर होत नाही, आधीच करून ठेवा.

पंधरा दिवसांचा गैरसमज

कागद जवळ नसेल तर तो मागितल्याच्या तारखेपासून १५ दिवसांत, मागणाऱ्या अधिकाऱ्याकडे, साक्षांकित प्रतीच्या रूपात स्वतः नेऊन किंवा रजिस्टर पोस्टाने सादर करता येतो. हेही नियम १३९ मध्येच आहे. मात्र ही मुदत कागद दाखवण्यासाठी आहे, काढण्यासाठी नाही. सोमवारी गाडी अडवली आणि मंगळवारी पीयूसी काढून नेली, तर ती परत केली जाते, कारण सोमवारी ती अस्तित्वात नव्हती. विम्याचंही तसंच. पोलिसासमोर उभं राहून मोबाइलवर पॉलिसी काढणारे असतात, पण पॉलिसीवर सुरू होण्याची तारीख आणि वेळ छापलेली असते. विम्याशिवाय गाडी चालवल्याचा दंड कायद्यात पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये आहे.

पीयूसीबद्दल एवढं लक्षात ठेवा: नव्या गाडीला नोंदणीपासून पहिलं वर्ष ती लागत नाही. नंतर बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या गाड्यांना वर्षाची मिळते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची.

लायसन्सच्या मुदतीचा घोळ याहून महागात पडतो. मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत पुन्हा चाचणी न देता नूतनीकरण होतं, म्हणून वर्षभर गाडी चालवता येते असं अनेकजण धरून चालतात. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स वैध राहायचं, ती सवलतही २०१९ च्या दुरुस्तीत निघाली. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसन्स आहात. मुदतीआधी वर्षभर अर्ज करता येतो, तेव्हाच करा.

चलानवरचं कलम पाहा

लायसन्स घरी राहिलं आणि लायसन्सच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात कलम १३० आणि १७७ लागतं, पहिल्या वेळी दंड ५०० रुपयांपर्यंत. दुसऱ्यात कलम ३ आणि १८१, दंड ५,००० रुपये. शिवाय गाडी दुसऱ्याची असेल तर मालकावर कलम ५ आणि १८० खाली आणखी ५,००० चं वेगळं चलान. मशीनमध्ये घाईने चुकीचा पर्याय दाबला जातो आणि भुर्दंड चालकाला बसतो. चलान निघण्याआधी सांगा की लायसन्स आहे, नंबर टाकून तपासा. निघाल्यावर मात्र ते दुरुस्त होईपर्यंत पैसे भरू नका. दंड भरणं म्हणजे कलम २०० खाली तडजोड मान्य करणं, म्हणजे खटल्याशिवाय प्रकरण मिटवणं. ‘आधी भरून टाकू, मग तक्रार करू’ म्हणणाऱ्यांच्या तक्रारीत मग काही उरत नाही.

दंड जागेवरच भरण्याची सक्ती नाही. चलान नंतर ऑनलाइन भरता येतं, आणि तडजोड नाकारून कोर्टात बाजू मांडण्याचा हक्कही आहे. जागेवर भरलात तर पावती घ्याच. पावतीविना पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री क्रमांक १०६४ आहे.

लायसन्स जप्त झालं तर

कलम २०६ खाली जप्तीचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि इथेच सगळ्यात जास्त माणसं फसतात.

पहिला प्रकार पोटकलम २ चा. चालक समन्स टाळेल असं पोलिसाला वाटलं तर तो लायसन्स घेतो आणि ते कोर्टात पाठवतो. याची जी तात्पुरती पोच मिळते, तिच्यावर गाडी चालवता येते. लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, जे आधी होईल तोवर. ती तारीख उलटली आणि लायसन्स तुमच्या चुकीशिवाय अडकलं असेल, तर पोचेची मुदत वाढवून मागता येते. साधा अर्ज, सोबत पोचेची झेरॉक्स. ही तरतूद काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. तुम्हीच मागा, आणि तारीख उलटायच्या आधी मागा.

दुसरा प्रकार पोटकलम ४ चा, २०१९ मध्ये आलेला. अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन चालवणं, शर्यत, असुरक्षित गाडी, ट्रिपल सीट, विनाहेल्मेट, अॅम्ब्युलन्ससारख्या तातडीच्या गाडीला वाट न देणं, यांत लायसन्स कोर्टात न जाता आरटीओकडे निलंबनासाठी जातं. याचीही पोच मिळते, पण तिच्यावर गाडी चालवता येत नाही. दोन्ही कागद दिसायला सारखे असल्यामुळे लोक हा दाखवत फिरतात आणि पुढच्या चौकात विनालायसन्सचं चलान घेतात.

आरटीओ मात्र परस्पर निलंबन करू शकत नाही. कलम १९ नुसार आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. पहिल्या वेळी निलंबन तीन महिन्यांचं असतं, पुन्हा तेच घडलं तर लायसन्स रद्दही होतं. सुनावणीची नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते. घर बदललेलं असेल तर ती पोचत नाही आणि आदेश तुमच्या गैरहजेरीत होतो. म्हणून नोटिशीची वाट न पाहता पोच घेऊन स्वतः आरटीओत जा. लेखी खुलासा द्या, त्याच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही. आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. निलंबित चालकाला उजळणी प्रशिक्षणही घ्यावं लागतं. लोक तीन महिने संपल्यावर थेट लायसन्स मागायला जातात आणि तिथे हे पहिल्यांदा कळतं.

गाडीच उचलली तर

कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवायची कारणं मोजकी आहेत: चालकाकडे लायसन्स नसणं, चालक अल्पवयीन असणं, गाडीची नोंदणी नसणं, परवान्याचा (लायसन्सचा नव्हे, व्यावसायिक गाडीच्या परमिटचा) भंग. नुसती पीयूसी किंवा विमा नाही, ही या कलमातली कारणं नाहीत. आणि याच कलमात एक दिलासा आहे: लायसन्स, वय किंवा परवाना या कारणांसाठी पोलीस गाडीऐवजी आरसी ताब्यात घेऊन पोच देऊ शकतात. तो त्यांच्या मर्जीचा भाग आहे, पण विनंती करायला हरकत नाही. अशा वेळी वैध लायसन्स असलेला नातेवाईक बोलावून घ्या, म्हणजे गाडी घरी नेता येईल.

सोडवण्यासाठी मालकाचा अर्ज, आरसी, विमा, ओळखपत्र, गाडी नेणाऱ्याचं वैध लायसन्स आणि जप्तीची पावती लागते. मालक बाहेरगावी असेल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र. पोलिसांनी जप्त केली असेल तर वाहतूक शाखेत चौकशी करा, वायुवेग पथकाने केली असेल तर आरटीओत. गुन्हा नोंदवून गाडी मुद्देमालात, म्हणजे पुरावा म्हणून, जमा असेल तर दोन्हीकडे हेलपाटे मारू नका. ती सुपूर्तनाम्यावर (मागितल्यावर परत हजर करण्याच्या लेखी हमीवर) कोर्टातूनच सुटते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली अर्ज करून. अल्पवयीन मुलगा सापडला तर पालक किंवा मालकावर कलम १९९अ: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मुलाच्या हाती स्कूटर देताना हे घरात बोला.

यादीतला अडणारा कागद म्हणजे मालकाची सही. सेकंडहँड गाडी घेतली, पैसे दिले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्याही झाल्या, पण नाव बदललंच नाही. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. न केल्यास घेणाऱ्याला गाडी सोडवता येत नाही आणि विकणाऱ्याला वर्षानुवर्षं चलानं येत राहतात.

याहून अवघड प्रसंग वडील वारलेत आणि गाडी त्यांच्याच नावावर आहे, हा. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला लेखी कळवलं तर तीन महिने ती गाडी वापरता येते. तेवढ्या काळात फॉर्म ३१, मृत्यू दाखला, आरसी, विमा आणि वारसा हक्काची कागदपत्रं देऊन नाव बदलायचं. दुःखात हे कुणाला सुचत नाही, समजण्यासारखं आहे. म्हणून एखाद्या लांबच्या नातेवाइकाने हे काम अंगावर घ्यावं.

गोव्यात फिरायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. भाड्याच्या दुचाकीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने द्यायचा परवाना नसतो आणि गाडी जप्त झाली की तुम्ही रस्त्यावर.

कॅमेऱ्याचं किंवा न पटणारं चलान

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ई-चलान संकेतस्थळावर किंवा अॅपवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान आणि फोटो दिसतो. तिथूनच तक्रार होते. फोटो नीट मोठा करून पाहा. नंबर प्लेटवरचा एक आकडा चुकीचा वाचला गेल्याने दुसऱ्याचं चलान तुमच्या नावावर येतं. अशा तक्रारीसोबत आरसी आणि तुमच्या गाडीचा मागून, पुढून काढलेला स्पष्ट फोटो जोडा. रंग किंवा मॉडेल वेगळं दिसलं की निकाल लवकर लागतो. ‘मी त्या दिवशी तिथे नव्हतो’ एवढंच लिहिलेली तक्रार फेटाळली जाते. टोलची नोंद, दुरुस्तीचं बिल, काहीतरी हवं. २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी खासगी मोबाइलवर चलानसाठी फोटो काढू नयेत अशा सूचना निघाल्या आहेत. तसं घडलं असेल तर वेळ आणि ठिकाणासह तक्रारीत लिहा.

लोकअदालतीची नोटीस आली की लोक सवलतीच्या आशेने धावतात. दंड मान्य असेल आणि रक्कम साचली असेल तर जरूर जा. पण चूक तुमची नाहीच असं म्हणणं असेल तर ती जागा नाही. तिथे तडजोड होते, साक्षीपुरावा नाही, आणि तिथल्या निवाड्यावर अपीलही नाही.

दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल, जागेवर दंड भरून मिटत नाही. कोर्टात जावंच लागतं, आणि लायसन्सचं काय ते आरटीओ वेगळं ठरवतं. दोन तारखा, दोन ठिकाणं. एकीकडचा दंड भरला म्हणून दुसरीकडचं संपत नाही.

चलानचा एसएमएस आलाच नाही अशी तक्रार असेल तर परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीशी जोडलेला मोबाइल नंबर तपासा. तिथे बहुधा शोरूमच्या एजंटचा किंवा तुमचा बंद पडलेला नंबर असतो. तो बदलायला चासी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख लागते, सगळं आरसीवर असतं. आणि व्हॉट्सअॅपवर चलानच्या नावाने एपीके फाइल (मोबाइलवर अॅप बसवणारी फाइल) आली तर ती उघडू नका. सरकार चलान तसं पाठवत नाही, त्या फाइलने बँक खातं रिकामं होतं.