१ दिसला की लक्ष डावीकडे जातं?

‘स्क्रीनवर १ किंवा २ दिसला की लक्ष डावीकडे सरकतं, ८-९ दिसला की उजवीकडे.’ मानसशास्त्रावरच्या लेखांत, भाषणांत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. मूळ आहे २००३चा मार्टिन फिशर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. मधोमध एक अंक दाखवायचा, मग डाव्या किंवा उजव्या चौकटीत ठिपका, आणि तो दिसताच बटण दाबायचं. अंकाचा ठिपक्याशी काही संबंध नाही, हे सांगूनही लहान अंकानंतर डावा ठिपका लवकर टिपला गेला. कल्पना एवढी देखणी की लगेच पाठ्यपुस्तकी सत्य झाली!

२०२०मध्ये १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग, पद्धत आधी जाहीर करून, हजाराहून अधिक लोकांवर केला. परिणाम जवळजवळ शून्य.

म्हणजे शब्द-संकल्पनांचा नजरेशी संबंधच नाही? तसंही नाही. ‘डावीकडे’ हा शब्द नुसता वाचला, त्याचा उपयोग नाही हे माहीत असलं, तरी लक्ष तिकडे झुकतं. गोष्ट ऐकताना समोर चित्रं असतील, तर ‘कुत्रा’ ऐकताच डोळे कुत्र्यावर जातात. हे रॉजर कूपर यांनी १९७४मध्येच दाखवलं. लहान अंकाला डाव्या हाताने जलद उत्तर देण्याची सवयही खरी आहे, पण तो हाताच्या प्रतिसादाचा भाग. लोकांनी लक्ष सरकणं आणि हाताचा प्रतिसाद, या दोन्हींची खिचडी केली. शिवाय डावं-उजवं वाचनाच्या दिशेवरही अवलंबून दिसतं. उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी फारसी वाचणाऱ्या इराणी लोकांत ती सवय बरीच फिकी आढळली होती.