खर्ऱ्याच्या पन्नीचा समुद्रापर्यंतचा रस्ता

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या पानटपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घोटला जातो आणि त्याच पन्नीत बांधून हातात पडतो. खर्रा तोंडात, पन्नी रस्त्यावर. पावसाळ्यात ती नालीतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत. वैनगंगा आणि वर्धा चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. अकोल्याकडचा कचरा पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्राच्या वाट्याचा.

घराबाहेर टाकून द्यायची सवय काही नवी नाही. पळसाच्या पत्रावळ्या, शेण, केरकचरा उकिरड्यावर जायचा आणि पेरणीआधी खत होऊन वावरात पडायचा. उकिरडा ही चोख व्यवस्था होती, फक्त तिला कुजणारा माल लागायचा. हातात धरायच्या प्लॅस्टिक पिशवीचे पेटंट स्वीडनच्या कंपनीला 1965 मध्ये मिळाले. आपल्याकडे पुढे शाम्पूच्या पुड्या आल्या, गुटख्याच्या माळा आल्या, तागाच्या पोत्याजागी खताची चुंगडी आली. कपाशीवर फवारणी झाली की रिकामी बाटली धुऱ्यावर. आता शेणखताच्या गाडीबरोबर पन्न्याही वावरात जातात.

कायदा गावात उशिरा पोचला. ग्रामपंचायतींवर प्लॅस्टिक कचऱ्याची जबाबदारी 2016 च्या केंद्रीय नियमांनी टाकली. राज्याची बंदी 23 जून 2018 पासून, एकदाच वापरायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवरची देशव्यापी बंदी 1 जुलै 2022 पासून. घंटागाडी मात्र बहुतेक शहरातच फिरते. गावात ढीग पेटवून मोकळे होतात.

समुद्रातल्या प्लॅस्टिकचा जगभराचा हिशेब 2015 मध्ये मांडला गेला: 2010 या एका वर्षात 48 ते 127 लाख टन. पुढे काही मोजक्या महानद्यांवर बोट ठेवले गेले. 2021 च्या अभ्यासाने ते चित्र पालटले. नद्यांतून जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी 80 टक्के हजाराहून अधिक नद्या वाहून नेतात आणि त्यांत शहरांतून जाणाऱ्या लहान नद्या पुढे आहेत. समुद्रापासून जितके लांब, तितकी कचरा वाटेतच अडकण्याची शक्यता जास्त. म्हणजे आपली बरीचशी घाण आपल्याच काठच्या झुडपांत, रेतीत, गोसेखुर्दसारख्या धरणांच्या पाण्यात राहते. नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे तिथेच येते. यात सुटल्यासारखे काही नाही. अडकलेली पन्नी विदर्भाच्या उन्हात ठिसूळ होते, तिचा भुगा होतो, आणि पुढच्या पुरात तो धरणाच्या दारांतून पाण्याबरोबर निघून जातो.