पाळीत अंगावरून फार जातं तेव्हा: आयोडीनचे थेंब आणि थायरॉइडची गोळी

"थायरॉइड निघालंय म्हणजे आयोडीन कमी पडलं असणार. मग गोळीऐवजी आयोडीनच घेतलं तर?" इंदूरला रामबागेजवळच्या आमच्या औषधाच्या दुकानात हा प्रश्न फार वेळा येतो. विचारणाऱ्या बहुतेक पस्तिशी-चाळिशीतल्या. पाळीत खूप जातं, जिना चढताना दम लागतो, रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ती मंदावली की ते वाढतं) वाढलेलं असतं आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिलेली असते. त्याच सुमारास भिशीत किंवा हळदीकुंकवाला कुणीतरी सांगितलेलं असतं की आयोडीनच्या थेंबांनी पाळी ताळ्यावर येते, फायब्रॉइडसुद्धा, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी, विरघळतात. गोळी जन्मभर घ्यावी लागेल याची धास्ती असतेच, आणि थेंब कसे 'नैसर्गिक' वाटतात.

दोन्हींचं नातं जवळचं आहे, म्हणूनच गल्लत होते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढून घेते आणि त्यापासून हार्मोन बनवते. त्यातलं मुख्य हार्मोन थायरॉक्सिन. त्याच्या एकेका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. डॉक्टर जी गोळी देतात ती म्हणजे हेच थायरॉक्सिन, कारखान्यात बनवलेलं. १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीत वजनाने साधारण ६५ मायक्रोग्रॅम आयोडीनच असतं. तर थेंब हा कच्चा माल आणि गोळी हा तयार माल. कच्चा माल घेऊन काम भागेल की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं: ग्रंथी धड आहे का?

एके काळी आपल्याकडे खरोखर कच्च्या मालाचाच तुटवडा होता. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंडाची गावंच्या गावं होती. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ वाटून गलगंड कमी होतो हे दाखवलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आली. आज सियागंजमधून घेतलेल्या साध्या पुड्यातल्या मिठातही दर ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असायला हवं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज सुमारे १५० मायक्रोग्रॅम. दूध-दही आणि हे मीठ रोजच्या जेवणात असलं की ती सहसा भागते.

आणि तरीही थायरॉइडचे पेशंट भरपूर आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या आठ शहरांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांची ग्रंथी मंद आढळली. त्याच पाहणीत जवळपास २२ टक्के लोकांच्या रक्तात थायरॉइडविरोधी अँटिबॉडी सापडल्या. मीठ आयोडीनचं झाल्यानंतरची ही गोष्ट आहे. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, तिला हळूहळू निकामी करते. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये पहिल्यांदा वर्णन केलेला हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शहरात बाईचं टीएसएच बरंच वाढलेलं निघालं तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. पिठाच्या गिरणीचं जातंच बिघडलं असेल तर वरून कितीही गहू ओता, पीठ पडत नाही, उलट गिरणी तुंबते.

तुंबण्याचा भाग जरा सविस्तर सांगते, कारण थेंब विकणारे तो सांगत नाहीत. आयोडीन एकदम जास्त आलं की ग्रंथी हार्मोन बनवणंच थांबवते. वुल्फ आणि चायकॉफ या दोन संशोधकांनी १९४८ मध्ये हे दाखवून दिलं. निरोगी ग्रंथी काही दिवसांत यातून सावरते आणि पुन्हा कामाला लागते. हाशिमोतो असलेली ग्रंथी मात्र अनेकदा सावरत नाही, ती आणखी मंदावते. ल्युगॉल नावाचं आयोडीनचं द्रावण डॉक्टर आजही वापरतात, पण कशासाठी? थायरॉइड फार जोरात चालत असेल तर शस्त्रक्रियेआधी आठ-दहा दिवस तिला आवरायला. म्हणजे मंद थायरॉइडमुळे जिला जास्त जातं, ती बाई घरबसल्या ग्रंथीला आणखी दाबणारं औषध घेते. मला हे बघवत नाही, म्हणून एवढं तळमळून लिहिते आहे.

काउंटरवर मी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून दाखवते. दोन्ही हातात मावणाऱ्या. थायरॉक्सिनच्या डबीवर २५, ५०, ७५ असा आकडा आणि पुढे 'एमसीजी', म्हणजे मायक्रोग्रॅम. थेंबांच्या तपकिरी बाटलीवर आकडा दिसायला लहान, सहा किंवा साडेबारा, पण पुढे 'एमजी', म्हणजे मिलिग्रॅम. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम. पाच टक्के ल्युगॉलच्या एका थेंबात साधारण ६ मिलिग्रॅम आयोडीन असतं, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या चाळीसपट. मागच्या महिन्यात एक वहिनी म्हणाल्या, "अगं, एकच थेंब घेते, तेही पाण्यात." मी कॅल्क्युलेटरवर भागाकार करून आकडा त्यांच्यापुढे धरला. त्या काहीच बोलल्या नाहीत, चष्मा काढून बाटलीवरची बारीक अक्षरं पुन्हा वाचत बसल्या. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल त्याहून फसव्या. दोन बाटल्यांतलं आयोडीन सारखं निघेल याची खात्री नसते आणि 'थायरॉइड सपोर्ट' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं.

आता पाळीचं. थायरॉइड हार्मोन कमी पडलं की त्याचा फटका पाळीला बसतो तो एकाहून अधिक वाटांनी. महिन्याच्या महिन्याला बीज सुटणं चुकतं. बीज सुटलं नाही की अस्तराला आवरणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं. मग ते सुटतं तेव्हा भरमसाट आणि बराच काळ. दुसरीकडे, रक्त गोठवणारे काही घटक कमी होतात. ज्या बाईला पाळीत खूप जातं आणि शिवाय हिरड्यांतून रक्त येतं, जराशा धक्क्याने काळेनिळे डाग पडतात, तिने हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढून पाळी उशिरा येते तेही यातच. थायरॉइड जोरात चालत असेल तर मात्र उलट, जाणं कमी होतं.

आयोडीन थेट गर्भाशयावर काम करून रक्तस्राव थांबवतं असं सिद्ध झालेलं नाही. त्याचा परिणाम झाला तर थायरॉइडमार्फत होतो, आणि तो कुठल्या दिशेने होईल हे बाटली ठरवत नाही. हाशिमोतो असेल तर ग्रंथी मंदावून जाणं वाढू शकतं. ग्रंथीत जुन्या गाठी असतील तर जादा आयोडीन मिळताच त्या बेलगाम हार्मोन बनवू लागतात, पाळी तुटपुंजी होते, सोबत छातीत धडधड. दोघी एकाच बाटलीतून घेणाऱ्या आणि अनुभव नेमके उलट. भिशीत एकीला 'फरक पडला' आणि दुसरीला त्रास झाला, यात दोघीही खरं बोलत असू शकतात. शिवाय चाळिशीनंतर पाळी आपली आपणच एका महिन्यात जास्त, दुसऱ्यात कमी होत असते. त्याचं श्रेय थेंबांना मिळून जातं.

गोळीचं काम वेगळं. ती ग्रंथीला काहीच करायला लावत नाही, जे कमी पडतं ते थेट रक्तात पुरवते. रक्तस्राव थायरॉइडमुळेच वाढला असेल तर मात्रा जुळल्यावर तो ओसरतो, पण लगेच नाही. थायरॉक्सिन शरीरात हळूहळू साचतं, अर्धं उतरायला सुमारे सात दिवस लागतात. म्हणून टीएसएच पुन्हा बघायचं ते सहा ते आठ आठवड्यांनी. पाळी बसायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. पहिल्याच पाळीत फरक नाही म्हणून गोळी सोडणाऱ्या इथेच घाई करतात.

गोळीतही चुका होतात, आणि आमच्या इंदुरात एक ठरलेली चूक आहे. सकाळी उठल्या उठल्या दुधाचा चहा, पाठोपाठ पोहे-जलेबी, आणि मध्ये कुठेतरी गोळी. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लोहाची गोळी. जास्त पाळीमुळे रक्त कमी झालेल्या बाईला दोन्ही गोळ्या लिहून मिळतात आणि ती दोन्ही सकाळी एकदम गिळते. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. मध्ये चार तासांचं अंतर हवं. लोहाची दुपारी किंवा रात्री घेतली की झालं. आणि लोहाकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण थायरॉइड हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागतं. खूप जातं म्हणून लोह कमी होतं, लोह कमी म्हणून ग्रंथी आणखी अडते, असं ते चक्र आहे.

टीएसएच किंचित वाढलेलं आणि सोनोग्राफीत मोठा फायब्रॉइड, असंही पुष्कळदा असतं. तिथे रक्तस्रावाला थायरॉइड जबाबदार धरणं चूक. फायब्रॉइड, पॉलिप, अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं, रक्त गोठण्याचे जन्मजात दोष, क्वचित कर्करोग, कारणं बरीच आहेत. ज्यांचं टीएसएच नॉर्मल आहे त्यांनी पाळीसाठी म्हणून जावेची गोळी मागून घेऊ नये. नको असताना घेतलेल्या थायरॉक्सिनने धडधड होते आणि पुढे हाडं ठिसूळ होतात.

मग आयोडीन कुणालाच नको का? तसं नाही. गरोदरपणात गरज वाढून सुमारे २५० मायक्रोग्रॅम होते, अंगावर पाजणाऱ्या आईलाही जास्त लागतं. दूध, अंडी, मासे काहीच न खाणारी आणि वर बारा महिने सैंधवच वापरणारी बाई खरोखर कमी पडू शकते, कारण सैंधवात आयोडीन नसल्यातच जमा. (नवरात्रात किंवा एकादशीच्या साबुदाणा खिचडीत सैंधव वापरलं तर काही बिघडत नाही, ग्रंथीकडे आठवड्यांचा साठा असतो.) अशा बायकांना डॉक्टर जे आयोडीन देतात ते मायक्रोग्रॅममध्ये, रोजच्या गरजेच्या आसपास. पुष्कळांना तर नुसतं मीठ बदलून पुरतं. पुड्यावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह बघा आणि मीठ झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून लांब ठेवा, ओल आणि उष्णतेने आयोडीन उडतं. त्वचेवर आयोडीनचा ठिपका काढून तो किती लवकर पुसट होतो यावरून कमतरता ओळखायची युक्ती मात्र निरर्थक आहे. जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन तर पोटात कधीच घ्यायचं नाही.

सात-आठ दिवसांहून जास्त जात असेल, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील किंवा रात्री उठावं लागत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच आणि सोनोग्राफी एवढ्यावरून बरंच स्पष्ट होतं. पाळी गेल्यावर वर्षभराने थोडा जरी डाग दिसला तरी थांबू नका. तासाला एक पॅड भिजून चक्कर येऊ लागली तर रात्र असो वा दिवस, एमवाय किंवा जे मोठं हॉस्पिटल जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत जायचं. थेंब आधीपासून चालू असतील तर ते बंद करा आणि बाटली डॉक्टरांना दाखवा, म्हणजे टीएसएच कधी बघायचं ते त्यांना ठरवता येईल. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा. तपासणीसाठी रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस ते बंद ठेवावं लागतं, नाहीतर टीएसएचचा आकडा चुकीचा येतो.