यलोस्टोन : गाईडसोबतच्या एकदिवसीय सहलीची पार्श्वभूमी

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गाईडसोबत एका दिवसात उष्ण कारंजी आणि वन्यप्राणी दाखवणारी जी सहल आज सर्रास विकली जाते, तिचे वेळापत्रक वरवर पाहता केवळ सोयीने आखलेले वाटते. प्रत्यक्षात गाडी कोणती असावी, ती कुठे थांबावी, प्राण्यापासून किती अंतरावर उभे राहावे आणि सोबत गाईड असलाच पाहिजे की नाही, या प्रत्येक बाबीमागे एखादा कायदा, एखादा खटला किंवा जुनी चूक निस्तरण्याचा प्रयत्न आहे. या टिपणात सर्वाधिक जागा हिवाळी वाहतुकीच्या वादाला दिली आहे, कारण गाईडच्या सक्तीचा प्रश्न या उद्यानात खऱ्या अर्थाने त्या वादातच धसास लागला.

उद्यानाची स्थापना १८७२ साली झाली. त्यापूर्वी हजारो वर्षे अनेक मूळ जमातींचा या पठारावर वावर होता. या जमाती उष्ण कारंज्यांना घाबरून तिकडे फिरकत नसत, ही सुरुवातीच्या काळात पर्यटकांना सांगितली जाणारी गोष्ट खोटी होती आणि जमातींना उद्यानाबाहेर काढण्याच्या धोरणाला ती सोयीची होती, हे नोंदवणे आवश्यक आहे. १८८३ मध्ये रेल्वे उद्यानाच्या उत्तर सीमेजवळ पोहोचली आणि घोडागाड्यांतून होणाऱ्या सहलींचा धंदा जोमाने सुरू झाला. इंग्रजी आठच्या आकाराच्या, सुमारे २३० किलोमीटरच्या रस्त्यावरून मुक्काम करत जाणारी ही फेरी साधारण पाच दिवसांची असे, आणि आजच्या सहलींचे बहुतेक थांबे त्याच रस्त्यावर आहेत.

त्याच वर्षी झालेल्या एका कायद्याची दखल फारशी घेतली जात नाही, पण तो महत्त्वाचा होता. खासगी हॉटेलवाल्यांना उद्यानात जागा भाड्याने देताना कारंज्यांपासून आणि धबधब्यांपासून पाव मैलाच्या आत बांधकामास त्याने मनाई केली. १८९४ मध्ये हे अंतर निम्म्यावर, म्हणजे सुमारे दोनशे मीटरवर आणले गेले, आणि त्यामुळेच ओल्ड फेथफुल या प्रसिद्ध उष्ण कारंज्यासमोरचे लाकडी ओंडक्यांचे प्रसिद्ध हॉटेल १९०४ साली आजच्या जागी उभे राहू शकले. सवलत मिळाली हे खरे, परंतु मर्यादा मुळातच नसती तर त्या कारंज्याच्या काठावर दुकानांची रांग लागली असती, असे मानायला भरपूर आधार आहे. त्या काळी नायगारा धबधब्याच्या काठाची खासगी धंद्याने केलेली दशा सर्वांसमोर होती. १८८६ पासून १९१८ पर्यंत उद्यानाचा कारभार लष्कराकडे होता. कारंज्यांभोवती साचलेले पांढरे सिलिकाचे थर फोडून नेणारे, दगडांवर नावे कोरणारे आणि पाणी लवकर उसळावे म्हणून कारंज्याच्या तोंडात साबण टाकणारे पर्यटक यांना आवरण्याचे काम तेथे पहाऱ्यावर असलेल्या सैनिकांना करावे लागे.

१ ऑगस्ट १९१५ रोजी खासगी मोटारींना प्रवेश मिळाला आणि १९१७ मध्ये घोडागाड्या जाऊन मोटारबस आल्या. पाच दिवसांची फेरी आक्रसू लागली ती तेव्हापासून. मोटार घेऊन स्वतःच येणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तशी बसमधून सामुदायिक सहल करणाऱ्यांची टक्केवारी घटत गेली.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात गाईडकडून ‘समजावून घेण्याची’ पद्धत रुजली. संध्याकाळची व्याख्याने, कारंज्यांभोवती वनरक्षकांसोबतच्या पायी फेऱ्या आणि रस्त्याकडेची छोटी संग्रहालये ही त्या काळाची देणगी आहे. मात्र त्याच काळात वन्यप्राणी दाखवण्याची जी रीत चालली ती आज वाचतानाही अस्वस्थ करते. हॉटेलांतील उष्टेखरकटे उघड्यावर ओतले जाई, ते खायला ग्रिझली आणि काळी अस्वले ठरल्या वेळी येत, प्रेक्षकांसाठी लाकडी बाकांच्या रांगा मांडलेल्या असत आणि घोड्यावर बसलेला वनरक्षक अस्वलांच्या जीवनक्रमाविषयी भाषण देई. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हे प्रयोग बंद झाले, पण उकिरडे राहिले आणि रस्त्यावर गाडीच्या काचेतून अस्वलांना खाऊ घालणेही चालूच राहिले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस उकिरडे बंद करण्याचा निर्णय झाला. ते हळूहळू बंद करावेत की एकदम, यावर संशोधक आणि प्रशासन यांच्यात तीव्र मतभेद झाले. प्रशासनाने ते वेगाने बंद केले, भुकेली अस्वले वस्त्यांकडे वळली आणि पुढच्या काही वर्षांत बरीच ग्रिझली मारली गेली. १९७५ मध्ये ग्रिझलीला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत संरक्षण मिळाले. अस्वल आणि लांडगा यांच्यापासून किमान ९१ मीटर आणि बायसन (रानटी गोवंशातील मोठा प्राणी), एल्क (मोठे हरीण) अशा इतर प्राण्यांपासून किमान २३ मीटर अंतर राखण्याचा जो नियम आजचा गाईड गाडीतून उतरण्यापूर्वी बजावतो, त्यामागे हा सगळा अनुभव आहे.

लांडग्यांनी सहलीचे स्वरूप आणखी बदलले. १९२६ पर्यंत उद्यानातील लांडग्यांचे कळप सरकारी धोरणानुसारच संपवले गेले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून एकूण ३१ लांडगे आणून सोडण्यात आले. उद्यानातील लामारचे खोरे उघडे गवताळ असल्याने ते रस्त्यावरूनच दिसू लागले, आणि केवळ वन्यप्राण्यांसाठी पहाटे अंधारात निघणाऱ्या सहली हा नवा व्यवसाय उभा राहिला. तिपाईवर लावलेल्या दुर्बिणीतून दोन-तीन किलोमीटरवरच्या उतारावरील करडा ठिपका शोधून काढणे, मग तिपाईची उंची कमी करून रांगेतल्या लहान मुलालाही तो दाखवणे, हे या गाईडचे मुख्य कौशल्य ठरले. प्राण्याला जवळ बोलावण्याऐवजी नजर लांब नेण्याचा हा बदल मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत समाधानकारक टप्पा वाटतो.

कारंज्यांच्या बाजूने वेळापत्रक ठरते ते ओल्ड फेथफुलच्या अंदाजावरून. मागचा उद्रेक किती मिनिटे चालला हे मोजून पुढचा सांगितला जातो. उद्रेक अडीच मिनिटांच्या आत आटोपला तर पुढचा साधारण तासाभरात होतो. लांबला तर जमिनीखालील पोकळ्या अधिक रिकाम्या झालेल्या असतात, त्या भरून पाणी पुन्हा तापायला दीड तास किंवा थोडा अधिक वेळ लागतो. १९५९ च्या ऑगस्टमध्ये उद्यानाच्या पश्चिमेला झालेल्या मोठ्या भूकंपानंतर आणि त्यापुढील काही धक्क्यांनंतर हे सरासरी अंतर वाढत गेले. पूर्वी ते तासाच्या थोडे वर होते, आता सुमारे दीड तास आहे. अंदाजात दहा मिनिटे इकडेतिकडे धरावी लागतात, त्यामुळे एकदिवसीय सहलीत जेवणाची सुट्टी याच थांब्यावर ठेवण्याची प्रथा पडली.

आता हिवाळ्याकडे. नोव्हेंबरच्या सुरुवातीस उद्यानाचे बहुतेक रस्ते मोटारींना बंद होतात. उत्तरेकडील एकच रस्ता बर्फ काढून वर्षभर चालू राहतो. १९५५ पासून बर्फावर चालणाऱ्या बसगाड्या पर्यटकांना ओल्ड फेथफुलपर्यंत नेऊ लागल्या. क्यूबेकमध्ये बनलेल्या या गाड्यांना पुढे स्की, मागे पट्टे आणि बाजूंना जहाजासारख्या गोल खिडक्या असत. १९६३ मध्ये पहिल्या स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारसायकलसारख्या गाड्या, आल्या. १९७१ च्या सुमारास रस्त्यावरील बर्फ यंत्राने दाबून सपाट करण्याचे काम सुरू झाले आणि हिवाळ्यात ओल्ड फेथफुलला मुक्कामाची सोयही झाली. १९९०च्या दशकात दिवसाला सरासरी आठशेच्या आसपास स्नोमोबाईल येत होत्या, सुट्टीच्या दिवशी त्याहून कितीतरी अधिक. त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात तेल इंधनातच मिसळलेले असते आणि इंधनाचा मोठा भाग न जळताच बाहेर पडतो. थंड, स्थिर हवेत तो निळसर धूर पश्चिम प्रवेशद्वारापाशी साचून राही. तिकीट देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या चौकीत बाहेरून शुद्ध हवा सोडावी लागली, आणि काहींनी तर तोंडावर श्वसनमुखवटे लावून काम केले.

वादाला तोंड फुटले ते मात्र बायसनमुळे. १९९६-९७ चा हिवाळा फार कडक होता. अन्नाच्या शोधात उद्यानाबाहेर पडलेले एक हजाराहून अधिक बायसन मोंटाना राज्यातील गुरांना ब्रुसेलोसिस हा संसर्गजन्य रोग होईल या भीतीने मारले गेले. सपाट केलेल्या रस्त्यांमुळेच बायसन सहज बाहेर पडतात, असा दावा करून प्राणिहितवादी संघटनांनी १९९७ मध्ये खटला भरला. बायसन या रस्त्यांवर तेवढे अवलंबून नाहीत, असे पुढील संशोधनातून दिसले. पण खटल्यातील तडजोडीने प्रशासनाला हिवाळी वापराचा सविस्तर अभ्यास करणे भाग पडले आणि धूर व आवाज हे प्रश्न पटलावर आले. २००० च्या अखेरीस स्नोमोबाईल टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद करण्याचा निर्णय झाला. सत्ताबदल होताच तो फिरवला गेला. लाखो नागरिकांनी लेखी मते कळवली, त्यांतील बहुसंख्य बंदीच्या बाजूची होती, तरीही २००३ मध्ये दिवसाला ९५० स्नोमोबाईलना परवानगी देणारा आदेश निघाला. डिसेंबर २००३ मध्ये, हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनमधील न्यायालयाने तो रद्द करून बंदी पुन्हा लागू केली. फेब्रुवारी २००४ मध्ये वायोमिंगमधील न्यायालयाने त्या बंदीलाच स्थगिती दिली. एकाच उद्यानाला दोन न्यायालयांचे परस्परविरोधी आदेश, आणि त्यात अडकलेले पश्चिम प्रवेशद्वाराजवळच्या गावातील भाड्याने गाड्या देणारे व्यावसायिक, अशी ती परिस्थिती होती.

यातून २००४-०५ च्या हंगामासाठी जी तात्पुरती व्यवस्था निघाली, तिच्याकडे अभ्यासक बहुधा एक मधला टप्पा म्हणून पाहतात. माझ्या मते निर्णायक बदल तिथेच झाला. संख्येची मर्यादा ७२० होती, पण प्रत्यक्षात येणाऱ्या स्नोमोबाईल सरासरी तीनशेहूनही कमी राहिल्या. खरा फरक दोन अटींनी पडला : इंजिन कमी धुराचे आणि कमी आवाजाचे असले पाहिजे, आणि प्रत्येक गट परवानाधारक गाईडसोबतच गेला पाहिजे. रस्त्यावर बायसनचा कळप आला की गाईड हात वर करून सगळ्यांना थांबवतो, इंजिने बंद करायला लावतो आणि कळप निघून जाईपर्यंत कोणाला पुढे जाऊ देत नाही. वेगमर्यादा मोडणे, रस्ता सोडून बर्फात शिरणे, प्राण्यांचा पाठलाग करणे हे प्रकार यानंतर झपाट्याने घटले. गाईडच्या सक्तीमुळे सामान्य माणसाचा खर्च वाढतो आणि सार्वजनिक जमिनीवर फिरण्याचा त्याचा हक्क आकुंचित होतो, हा विरोधकांचा आक्षेप खोटा नव्हता. परंतु त्याआधीची मोकळीक कोणाच्या श्वासावर आणि कोणत्या जिवांच्या जोरावर चालली होती, याचे उत्तर त्यांनी दिले नाही.

त्यानंतरही खटले चालूच राहिले. २००८ मध्ये दिवसाला ५४० स्नोमोबाईलची योजना रद्द झाली आणि २००९ मध्ये ३१८ ची मर्यादा आली. अखेर २०१३ मध्ये वाहने मोजण्याऐवजी ‘फेऱ्या’ मोजण्याची पद्धत ठरली. दिवसाला कमाल ११० फेऱ्या, ज्यात एक बस किंवा स्नोमोबाईलचा एक गट म्हणजे एक फेरी, आणि गटांच्या फेऱ्या निम्म्याहून कमी. प्रशिक्षण घेतलेल्या हौशी प्रवाशाला व्यावसायिक गाईडशिवाय स्वतःचा छोटा गट नेता यावा म्हणून प्रत्येक प्रवेशद्वारातून रोज एक जागा सोडतीने देण्यात येते, आणि तिथेही गटप्रमुखाला गाईडची जबाबदारी घ्यावीच लागते.

उन्हाळ्यात यांपैकी काहीही लागू नाही. ताडोब्याच्या फाटकावर गाईडशिवाय जिप्सी आत सोडली जात नाही. यलोस्टोनमध्ये मे ते ऑक्टोबर कोणीही स्वतःची मोटार घेऊन हव्या त्या थांब्यावर जाऊ शकतो. सहल चालवणाऱ्या व्यावसायिकाला मात्र १९९८ च्या कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो, आणि मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या अमेरिका सहलींच्या बसही याच चौकटीत येतात. जुलै २०२१ मध्ये एकाच महिन्यात दहा लाखांहून अधिक भेटींची नोंद झाली आणि त्या वर्षाची बेरीज ४८ लाखांवर गेली. बायसन रस्त्याकडेला दिसला की मागे गाड्यांची रांग लागते, माणसे खाली उतरून फोन पुढे धरतात, आणि त्यांना आवरायला त्या क्षणी तिथे कोणी नसते. उन्हाळी प्रवेशासाठी आगाऊ आरक्षण असावे की नाही यावर चर्चा होत राहिली आहे. संख्येवर मर्यादा घालण्यापेक्षा गर्दीच्या खोऱ्यांत गाईडसह बस हा हिवाळ्यात सिद्ध झालेला मार्ग अधिक गांभीर्याने विचारात घ्यायला हवा होता, असे मला वाटते.

ताजा बदल मात्र माणसाच्या निर्णयाने झाला नाही. २३ जुलै २०२४ रोजी बिस्किट बेसिनमध्ये जमिनीखालील अतितप्त पाण्याची एकाएकी वाफ होऊन स्फोट झाला, गाळ आणि दगड उंच उडाले आणि पर्यटकांच्या चालण्याची लाकडी पायवाट मोडली. कोणी जखमी झाले नाही, पण ओल्ड फेथफुलच्या वायव्येस काही किलोमीटरवर असलेला आणि उन्हाळी सहलींच्या ठरावीक थांब्यांपैकी एक असलेला हा भाग त्या हंगामाच्या उरलेल्या काळासाठी बंद करावा लागला, आणि व्यावसायिकांना आपल्या फेरीतून तो वगळावा लागला.